कॅप्टन आधी डॉक्टर झाला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत निवृत्त खेळाडूंच्या दुसऱ्या डावावर लेख होता. मैदानावर संघ सांभाळणारा माणूस उद्या कंपनीही सांभाळतो, असा त्याचा एकूण सूर. दाखल्यासाठी न्यूझीलंडचा रग्बी कॅप्टन डेव्हिड कर्क याच्यावर एक चौकट दिली होती. १९८७ चा पहिला विश्वचषक जिंकला आणि पुढे मोठ्या कंपन्यांचा प्रमुख झाला, एवढंच त्यात होतं. दोन्ही खरं आहे. पण या दोहोंच्या मधे जे घडलं ते चौकटीत आलं नाही, आणि आमच्या नागपूरच्या पोरापोरींना सांगायला हवं होतं ते नेमकं तेच.

मी महालात खेळाचे कपडे शिवून देते. त्याआधी खो-खो खेळले, चिटणीस पार्कच्या मातीत गुडघे फोडून घेतले, विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची कॅप्टन होते. रग्बीशी संबंध आला तो शिलाईमुळे. अलीकडे इकडच्या शाळाही रग्बीचे संघ काढतात, त्यांच्या जर्सीची ऑर्डर येते. कबड्डीची बनियन शिवणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठं? पण कबड्डीत पकड अंगाला असते, रग्बीत कपड्यालाच हात घालतात. म्हणून खांद्याची शिवण पाच धाग्यांच्या ओव्हरलॉक मशीनवर मारून वरून फ्लॅटलॉकची चपटी शिवण घ्यावी लागते, आतून पट्टी लावावी लागते, आणि कॉलर अशी बसवायची की धरून ओढली तरी गळ्याला काच बसू नये. पूर्वीच्या जाड सुती जर्सीला रबराची बटणं असत, झोंबाझोंबीत कुणाला लागू नये म्हणून. हे सगळं समजून घ्यायला जुने सामने पाहायला लागले आणि त्यातच हा कर्क भेटला. अंगाने किरकोळ, हाफबॅकच्या, म्हणजे झुंडीतून चेंडू काढून मागच्या गड्यांना देणाऱ्याच्या जागेवर खेळणारा. त्या धिप्पाड गड्यांमध्ये आमच्या खो-खोतला वाटावा असा चपळ.

त्याची गोष्ट १९८६ पासून सांगायला पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णद्वेषी राजवट होती. न्यूझीलंडचे बहुतेक नावाजलेले खेळाडू ‘कॅव्हेलियर्स’ या नावाने बंड करून तिकडे खेळायला गेले. निवडलेल्यांपैकी दोघांनीच नाही म्हटलं, एक जॉन कर्वन आणि दुसरा कर्क. परत आलेल्यांवर दोन कसोटींची, म्हणजे दोन आंतरराष्ट्रीय सामन्यांची बंदी आली, नवख्या पोरांचा संघ उभा करावा लागला आणि कॅप्टनपद कर्ककडे आलं. त्या ‘बेबी ब्लॅक्स’नी (न्यूझीलंडच्या संघाला ‘ऑल ब्लॅक्स’ म्हणतात, त्यावरून या पोरांना हे नाव) ख्राइस्टचर्चला फ्रान्सला १८-९ असं हरवलं.

एवढं झाल्यावर १९८७ च्या विश्वचषकाला कॅप्टन कोण? अँडी डाल्टन, म्हणजे त्याच बंडखोर दौऱ्याचा कॅप्टन! आपल्याकडे असं झालं असतं तर दोन गट पडून संघटनाच फुटली असती. कर्क मुकाट्याने त्याच्या हाताखाली गेला. सरावात डाल्टनचा स्नायू दुखावला आणि कॅप्टनपद पुन्हा कर्ककडे आलं. २० जून १९८७ ला ऑकलंडच्या ईडन पार्कवर अंतिम सामन्यात न्यूझीलंडने फ्रान्सला २९-९ असं हरवलं. त्यातले १७ गुण ग्रँट फॉक्स या खेळाडूच्या किकचे, पण एक ट्राय कर्कची स्वतःची (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय; तेव्हा तिला चारच गुण मिळत, आता पाच मिळतात). कप हातात आल्यावर त्याने डाल्टनला पुढे बोलावलं आणि दोघांनी मिळून तो उचलला. संघ सांभाळणं म्हणतात ते हे, आणि लेखात यायला हवं होतं तर हे.

आता मुद्द्याचं. हा सामना झाला तेव्हा कर्क २६ वर्षांचा होता आणि डॉक्टर होता. वैद्यकीचं शिक्षण त्याने ओटागो विद्यापीठात घेतलं होतं. त्या काळी रग्बी हौशी खेळ होता; खेळायचे पैसे घेणं ऑगस्ट १९९५ पर्यंत नियमातच बसत नव्हतं. त्यामुळे कितीही मोठा खेळाडू असला तरी पोटापाण्याचं स्वतः बघायचा. डाल्टन शेतकरी होता. कप जिंकल्यावर कर्क दोन-चार वर्षं कौतुक करून घेत बसला नाही. ऑक्सफर्डला शिकायला मिळणारी नावाजलेली ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून तो तिकडे गेला, तिथे तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकला. न्यूझीलंडकडून खेळणं त्याने तिथेच थांबवलं. नंतर लंडनला मॅकिन्झीत सल्लागाराची नोकरी, मायदेशी पंतप्रधानांच्या कार्यालयात काम, वेलिंग्टनच्या संघाचा प्रशिक्षक, मग वर्तमानपत्राचा कागद बनवणाऱ्या नॉर्वेच्या नॉर्स्के स्कोग कंपनीत मोठा अधिकारी. कंपनीप्रमुखाची खुर्ची इतकं सगळं केल्यावर मिळाली. कप दाखवून मिळाली असती तर त्या संघातले सगळेच प्रमुख झाले असते की.

आणि ती खुर्ची कसली, तर तुमच्याच धंद्यातली. २००५ साली तो ऑस्ट्रेलियाच्या फेअरफॅक्स या वृत्तपत्र कंपनीचा प्रमुख झाला, सिडनी मॉर्निंग हेरल्ड काढणारी ती. छोट्या जाहिराती कागदावरून इंटरनेटवर पळत होत्या, हे तुम्हाला मी काय सांगायचं? २००६ मध्ये त्याने ट्रेड मी ही न्यूझीलंडची खरेदी-विक्रीची वेबसाइट ७० कोटी न्यूझीलंड डॉलरला घेतली. लोकांनी तेव्हा फार महाग पडली म्हटलं. २०१९ ला तीच वेबसाइट अडीचशे कोटींहून जास्त डॉलरला विकली गेली, आणि तेव्हा तिचा अध्यक्ष कर्कच होता. फेअरफॅक्सने मात्र आपला वाटा २०१२ पर्यंत विकून टाकला होता, म्हणजे डोकं याचं, घाई त्यांची.

पण त्याच फेअरफॅक्समध्ये ऑगस्ट २००८ ला साडेपाचशे लोकांच्या नोकऱ्या कमी करायचं जाहीर झालं, पत्रकार संपावर गेले आणि डिसेंबरमध्ये कर्कने कंपनी सोडली. हेही तुमच्या चौकटीत नव्हतं. घरी बसवलेल्या माणसाला साहेब कधीकाळी विश्वविजेता कॅप्टन होता याचं काय? त्यानंतर २०१० मध्ये बेलाडॉर ही गुंतवणूक कंपनी त्याने भागीदारीत काढली, ती २०१४ ला शेअर बाजारात आली. काठमांडू नावाच्या कपड्यांच्या कंपनीचंही अध्यक्षपद सांभाळलं, थंडी-पावसात डोंगर चढणाऱ्यांचे कपडे करणारी. माझ्या लाइनीतला माणूस म्हणून मला तेवढंच बरं वाटलं. २०२५ मध्ये न्यूझीलंड रग्बीच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणून त्याची निवड झाली.

कॅप्टन असण्याचा धंद्यात उपयोग होत नाही असं मी म्हणत नाही. जून-जुलैत शाळांच्या ऑर्डरी एकदम कोसळतात तेव्हा कोणत्या बाईला कोणत्या मशीनवर बसवायचं, कुणाला आज घरी लवकर सोडायचं, हे मला मैदानानेच शिकवलं. पण कर्ज मागायला बँकेत गेले तेव्हा साहेबाने ताळेबंद मागितला, ट्रॉफी नाही. तो ताळेबंद मला वाचता येत होता तो बी.कॉम.मुळे, आणि त्या बी.कॉम.ची कहाणी अशी. शेवटच्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि पेपर एकाच आठवड्यात आले. सर म्हणाले, पेपर पुढच्या वर्षी देशील, सिलेक्शन परत होणार नाही. गेले. परत आल्यावर कॉलेजने हात वर केले, वर्ष वाया गेलं, घरच्यांनी खेळ आणि कॉलेज दोन्ही बंद करून लग्न लावून दिलं. पुढे शिलाई मशीन चालवता चालवता नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून डिग्री पूर्ण केली. आज जीएसटीचं रिटर्न मी स्वतः भरते.

आमच्याकडे कटिंगच्या टेबलावर एक पोट्टा काम करतो. राज्यपातळीवर कबड्डी खेळलेला, गुडघा गेला तेव्हा बारावीही झाली नव्हती. प्रमाणपत्रं लॅमिनेट करून, प्लास्टिकच्या फाइलीत तारखेप्रमाणे लावून ठेवलेली. भरतीची जाहिरात निघाली की फाइल बगलेत मारून सायबर कॅफेत पळतो. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे खरं, पण पदाला लागतं तेवढं शिक्षण तर पाहिजे ना? दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आईबाप आठवीनववीपर्यंत हौसेने पाठवतात. गुण पदरात पडले की अर्धे खेळ सोडतात, उरलेले पुस्तक सोडतात. दोन्ही धरून ठेवणारा एखादाच. बोगस प्रमाणपत्रांच्या भानगडी तर तुम्हीच वेळोवेळी छापल्या आहेत. मेहनतीच्या कागदालाही आता लोक उलटसुलट करून बघतात.

मला कुणी म्हणेल, बाई, न्यूझीलंड कुठं आणि नागपूर कुठं! मान्य. आमच्या पोरांना ऱ्होड्स शिष्यवृत्ती नको, चुकलेला पेपर त्याच सत्रात परत द्यायची सोय पाहिजे. कागदावर ती असेलही. पण ऐन परीक्षेत त्या अर्जावर सही मिळवायला पोराने सराव सोडून खिडक्या हिंडायच्या का? स्पर्धांचं वेळापत्रक जूनमध्ये हाती आलं तर परीक्षेच्या तारखांशी आधीच ताळा घेता येईल. माझ्या हाताखालचा मास्तर दिवाळीची कटिंग नवरात्राच्या आधी लावून मोकळा होतो, मग शिकलेल्या माणसांना हे का जमू नये? क्रीडाशिक्षकांनाही हात जोडून सांगणं आहे, सिलेक्शन परत होतं. आणि नाही झालं तर नाही झालं.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. जिल्ह्यातल्या पोरीला पदक मिळालं की तुम्ही फोटो छापता, आईबाप ते कात्रण जपून ठेवतात. बातमीत वय, वजनगट, प्रशिक्षकाचं नाव, आमदारसाहेबांनी दिलेल्या शुभेच्छा, सगळं असतं. तिथेच ती कोणत्या वर्गात आहे आणि तिची परीक्षा कधी आहे, एवढी एक ओळ वाढवा. आणि अशाच एखाद्या रविवारी, तीन वर्षांपूर्वी ज्यांचे फोटो छापले त्यांच्या घरी बातमीदाराला पाठवा. पत्ते मिळाले नाहीत तर मला विचारा, बहुतेकांची मापं माझ्या वहीत आहेत.

माझं नाव कृपया छापू नये. शाळा-कॉलेजं माझी गिऱ्हाइकं आहेत आणि ट्रॅकसूटची बिलं अजून निघायची आहेत.

आपली,
एक माजी खो-खो खेळाडू
महाल, नागपूर