बॅटरी बदलण्याआधी कर्नल तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लिनक्सचं कर्नल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला मूळ गाभा, स्वतः कंपाइल कसं करावं (सोर्स कोडपासून कसं बांधावं), याविषयी आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत आलेला लेख वाचला. नवख्यांची भीती मोडणारा लेख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण लॅपटॉपच्या बॅटरीविषयी त्यात दिलेला सल्ला, म्हणजे ‘पॉवर सप्लायच्या मेनूतले सगळे ड्रायव्हर टिक करून टाका, हवा तो कर्नल आपोआप उचलेल’, हा वाचून गप्प बसवेना. (ड्रायव्हर म्हणजे एकेका यंत्रभागाशी बोलणारा कर्नलचा तुकडा. कर्नल बांधण्याआधी कुठले घ्यायचे ते मेनूत टिक करायचं असतं.) मी जुने लॅपटॉप दुरुस्त करून त्यांवर लिनक्स बसवून देते. असल्या सल्ल्यांचे परिणाम शेवटी माझ्याच टेबलावर येतात.

अलीकडचाच एक लॅपटॉप घ्या. तक्रार अशी की बॅटरी कायम ५० टक्के दाखवते. चार्जर लावा, काढा, रात्रभर तसाच ठेवा, आकडा जागचा हलत नाही. मालकाने नवी बॅटरी आणून बसवली, तर तीही ५० टक्केच! आता तीही सदोष म्हणून परत करायला ते निघाले होते. कर्नल बॅटरी-चार्जरची माहिती जिथे मांडतं ती ‘/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय’ ही फोल्डर मी उघडली. एरवी तिथे ‘बॅट०’ किंवा ‘बॅट१’ अशी नोंद असते. इथे होती ‘टेस्ट_बॅटरी’. उत्पादक: लिनक्स. मॉडेल: टेस्ट बॅटरी. हा कर्नल लिहिणाऱ्यांनी चाचणीसाठी ठेवलेला खोटा ड्रायव्हर. त्याच्या मागे कुठलंच यंत्र नसतं आणि त्यात ५० हा आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो. सगळं टिक करताना तोही थेट कर्नलमध्ये गेला होता. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग खऱ्या बॅटरीचा ड्रायव्हर कुठे गेला? गोम इथेच आहे. साध्या लॅपटॉपला लागणारा ड्रायव्हर त्या मेनूत नसतोच. तो ‘पॉवर मॅनेजमेंट आणि एसीपीआय’ या वेगळ्या मेनूत, एसीपीआयच्या पोटात, ‘बॅटरी’ एवढ्याच नावाने असतो. (एसीपीआय म्हणजे वीज आणि यंत्रभागांची माहिती कर्नलला कशी द्यायची, याचं ठरलेलं मानक.) मुळात तो चालू असतो. पण कर्नल हलकं करण्याच्या भरात मालकाने तो बंद केला होता. त्यांचा तर्क असा की बॅटऱ्या तर तिकडे डझनभर टिक केल्या आहेत, ही आणखी एक कशाला? तर्क चुकीचा म्हणता येणार नाही, मेनूची मांडणीच तशी आहे. तो ड्रायव्हर चालू केला, चाचणीचा काढून टाकला आणि कर्नल पुन्हा बांधलं. नवी बॅटरी पहिल्यापासून ठणठणीत होती. जुनीचं काय, ते पुढे सांगते.

बॅटरीचा ड्रायव्हर निवडताना लॅपटॉप कुठल्या कंपनीचा, बॅटरी कुणी बनवली, हे बघायचंच नसतं. बॅटरीची माहिती कर्नलला कोण देतं, एवढंच बघायचं. बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरीशी बोलतो तो मदरबोर्डवरचा छोटा एम्बेडेड कंट्रोलर. त्याच्याकडची माहिती फर्मवेअरमधल्या, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेल्या प्रोग्राममधल्या, एसीपीआयने ठरवून दिलेल्या मेथड्समार्फत कर्नलला मिळते. बॅटरी मुळात केवढी हे एक मेथड सांगते, आत्ता किती उरली हे दुसरी. या एसीपीआयची पहिली आवृत्ती इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली आणली. या मेथड्स ठरलेल्या असल्यामुळे आत चिप कुठलीही असो, कर्नलला तिचं नावही कळण्याची गरज पडत नाही. खात्री करायची असेल तर ‘/सिस/बस/एसीपीआय/डिव्हायसेस’मध्ये ‘पीएनपी०सी०ए’ने सुरू होणारी नोंद शोधावी. ती असली की एसीपीआयचा बॅटरी ड्रायव्हर लागणार हे ठरलं. तिथे ‘एसीपीआय०००२’ दिसलं तर गोष्ट निराळी. ती स्मार्ट बॅटरीची व्यवस्था आणि तिचा ड्रायव्हर, एसबीएस नावाचा, त्याच एसीपीआय मेनूत आहे. मात्र पॉवर सप्लायच्या मेनूतही एसबीएस नावाचाच दुसरा ड्रायव्हर आहे आणि तो बॅटरी थेट आय-स्क्वेअर-सी बसवर (चिपा एकमेकींना जोडणाऱ्या तारांच्या जोडीवर) असेल तेव्हाचा. नावावरून टिक करणारे इथे हमखास फसतात.

लेखात ज्यांची यादी छापली आहे ते बीक्यू२७०००, मॅक्स१७०४२ वगैरे ड्रायव्हर फ्यूएल गेज चिपांचे, म्हणजे बॅटरीत किती चार्ज उरला ते मोजणाऱ्या चिपांचे. फोन, टॅबलेट, छोटे बोर्ड यांत अशी चिप आय-स्क्वेअर-सीसारख्या बसवरून सरळ प्रोसेसरला जोडलेली असते. आय-स्क्वेअर-सीवर यूएसबीसारखी ‘मी अमुक आहे’ अशी ओळख करून देण्याची सोय नाही. कुठल्या पत्त्यावर कुठली चिप आहे हे डिव्हाइस ट्रीने (बोर्डावर काय-काय जोडलं आहे याच्या यादीने) किंवा फर्मवेअरने सांगावं लागतं, तेव्हाच कर्नल ड्रायव्हर जोडतं. तेव्हा ‘आपोआप उचलेल’ हे लॅपटॉपच्या बाबतीत खरं नाही. कुणी सांगितलंच नाही तर ते ड्रायव्हर नुसते पडून राहतात. त्याने बिघडत काही नाही, कंपाइलला वेळ लागतो एवढंच. पण ‘एवढं सगळं चालू केलं, तरी दिसत नाही, म्हणजे बॅटरीच गेली’ असा समज होतो आणि पैसे जातात.

याला एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर मीही अर्धवट सल्ला दिला असं होईल. इंटेलच्या बे ट्रेल, चेरी ट्रेल पिढीतल्या काही स्वस्त टॅबलेटमध्ये एएक्सपी२८८ ही पॉवरची चिप असते. तिथे एसीपीआयच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून कर्नलमध्ये तिच्यासाठी खास फ्यूएल गेज ड्रायव्हर आहे. ही चिप दिसली की एसीपीआयचा बॅटरी ड्रायव्हर स्वतःहून मागे सरतो. अशा टॅबलेटवर एएक्सपी२८८चा ड्रायव्हर बंद ठेवला तर दोन्हीकडून हात रिकामे.

कंपनीचं नाव कामाला येतं ते चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं असेल तेव्हा. ती सोय थिंकपॅडसाठी, आसुससाठी वेगवेगळ्या ड्रायव्हरमधून येते. पण ते ड्रायव्हर मूळ बॅटरी ड्रायव्हरच्या जोडीला असतात, त्याच्याऐवजी नव्हे.

आता त्या जुन्या बॅटरीकडे येते. ड्रायव्हर योग्य लागल्यावर ती पुन्हा घालून बघितली. ‘एनर्जी_फुल_डिझाइन’ (बॅटरीची मूळ क्षमता) या फाइलीत ४७५२०००० असा आकडा आला. हे मायक्रोवॅट-तास असतात, म्हणजे ४७.५२ वॅट-तास. ‘एनर्जी_फुल’मध्ये (आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता) जेमतेम ३१ वॅट-तास होते. ३१ला ४७.५२ने भागलं की पासष्ट टक्के क्षमता शिल्लक, म्हणजे बॅटरी थकलेली, पण वापरण्याजोगी. (काही लॅपटॉपमध्ये ‘एनर्जी’ऐवजी ‘चार्ज’ नावाच्या फाइली असतात आणि आकडे मायक्रोअँपिअर-तासांत येतात. भागाकार तोच.) नवी घ्यायची की नाही, हे त्या गृहस्थांना आधीच घरबसल्या ठरवता आलं असतं.

तेव्हा विनंती एवढीच की पुरवणीच्या पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. त्यात एसीपीआयच्या मेनूचा स्क्रीनशॉट द्यावा, चाचणीच्या ड्रायव्हरला हात लावू नये असं ठळक अक्षरांत लिहावं आणि उबुंटूसारख्या लिनक्स वितरणासोबत आलेलं तयार कर्नल वापरणाऱ्यांना यातलं काहीच करावं लागत नाही हेही सांगावं. त्यांच्या बॅटरीची नोंद दिसत नसेल तर आधी ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) एसीपीआयच्या किंवा एम्बेडेड कंट्रोलरच्या चुका आल्या आहेत का ते बघावं आणि बायोसचं अपडेट शोधावं.

आपली,
लॅपटॉप दुरुस्त करणारी एक वाचक