माय समुद्र बघायचं म्हणते

अमळनेर,
मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी शेतात होतो. संध्याकाळी करतो म्हणालो आणि केलाच नाही. वहिनींच्या ऑपरेशनला आलो नाही, तुझ्या वास्तुशांतीलाही आलो नाही. दरवेळी काहीतरी सांगितलं. कधी वेचणीला बाया मिळत नाहीत, कधी गाय व्यायला झाली आहे. तू एकदाही उलटून विचारलं नाहीस. का विचारलं नाहीस ते मला कळतं, म्हणूनच पत्र लिहितोय. हे फोनवर बोलायला गेलो तर मध्येच थांबेन.

इकडे सगळे बरे आहेत. माझी साखर आहे तिथेच आहे, मायचे गुडघे दुखतात. दादर ज्वारी यंदा बरी आहे, कापसाच्या भावाचं तुला नव्याने काय सांगू.

तर चंपाषष्ठीला घरी रोडगे आणि भरीत होतं. वांगी आसोद्याची होती, हे मुद्दाम लिहितो. बामणोदची चांगली की आसोद्याची, यावरून हॉस्टेलच्या खोलीत तू माझ्याशी तीन दिवस अबोला धरला होतास आणि चौथ्या दिवशी माझ्याच ताटातलं भरीत संपवलं होतंस. जेवणं झाल्यावर मोठीने विषय काढला, नाताळच्या सुटीत तारकर्लीला जायचं. तिने मोबाईलवर सगळं बघून ठेवलं होतं. पांढरी वाळू, नितळ पाणी. धाकटा म्हणाला, मला पाण्याखाली जाऊन मासे बघायचेत. सौ.ने लगेच कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला, गाडी किती, दोन रात्रींचा मुक्काम किती, मायला एवढा प्रवास झेपेल का. मी गप्प बसून होतो. बापू, इतकी वर्षं मुलांनी समुद्राचं नाव काढलं की माझ्याकडे कारण तयार असायचं. मग आम्ही वणीला जायचो, तोरणमाळला जायचो, शेगावला जायचो. मुलांना वाटतं बाबांना देवाची आणि डोंगराची आवड आहे.

एवढ्यात माय खाटेवरून म्हणाली, "माले तठे नही जानं. मनी तापी जठे समुद्रले भेटस, तठे लई चाल."

कोणाला काही कळेना. मग तिनेच उलगडून सांगितलं. तुला ठाऊक आहे, आषाढ शुद्ध सप्तमीला तापीची जयंती असते. लग्न होऊन आली त्या वर्षापासून एक सप्तमी तिने चुकवलेली नाही. खण, तांदूळ, बांगड्या, हळदकुंकू, नारळ. घोटाभर पाण्यात उभी राहते, ओटी सोडते आणि नारळ काठाला परत आला तर तळहाताने हळूच पुढे ढकलते, पोर शाळेत जायला कुरकुरलं की त्याच्या पाठीला हात लावतात तसा. तो दिसेनासा होईपर्यंत ती हलत नाही. ती म्हणाली, "इतल्या ओट्या भऱ्यात, त्या कथा ग्यात ते तरी दखू दे."

मोठी हुशार आहे, तिने नकाशाच काढला. "आजी, नारळ पोचत नसेल गं. सारंगखेड्याला बॅरेज, प्रकाशाला बॅरेज, पुढे उकाईचं एवढं मोठं धरण, मग काकरापार." मायने ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पानी तं पोचस ना?" यावर पोरीला उत्तर सुचेना. मुलताईपासून निघालेलं ते पाणी सातशे किलोमीटर चालून सुरतेच्या डुमसजवळ समुद्रात जातं. म्हणजे तुझ्या घरापासून तासाभराच्या आत.

आमचे दादा तिला दरवर्षी म्हणायचे, यंदा पीक हाती आलं की तुला समुद्र दाखवतो. कधी पाऊस गेला, कधी बहिणींची लग्नं आली, मग दादाच गेले. त्यांच्या अस्थी प्रकाशाला सोडल्या तेव्हा तू होतास. मी तोंडाने काही म्हणालो नाही, पण तिच्या मनात ओट्यांबरोबर तेही असणार.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. त्या रात्री मी तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होतो. ती एकदम म्हणाली, "तुले पानीनं भ्याव वाटस. माले म्हाईत शे. म्हनीसन मी इचारस नही." माझा हात तिथेच थांबला. मी तिला कधीच काही सांगितलेलं नाही. सहलीवरून आलो तेव्हा एवढंच बोललो होतो की छोटूला लाट घेऊन गेली आणि मी लांब होतो. मी लांब नव्हतो हे तुला आणि मला सोडून कोणाला माहीत नाही. घड्याळाचा तो पट्टा अजून माझ्या पेटीत आहे. तिने तो कधी बघितला असेल का? आमच्या घरात पेट्यांना कुलूप नसतं.

मी तुझ्यावर दोन वर्षं डूख धरला होता. तू त्या रात्री धर्मशाळेत म्हणालास, "तू हात सोडलास." नंतर तू माफी मागितलीस, रडलास, आणि मी ती माफी घेतली असं तोंडाने म्हणालो. घेतली नव्हती, बापू. तू उधन्याला नोकरीला गेलास तेव्हा मला बरंच वाटलं होतं. आज लिहिताना ते गेलेलं आहे, अगदी शपथेवर सांगतो. आपण गुडघाभर पाण्यात होतो, ओहोटी लागली होती, पायाखालची वाळू सरकत होती आणि आपल्या तिघांपैकी एकालाही ओहोटी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. खान्देशातली पोरं आपण. पाणी पुढे येतं तेव्हा घाबरायचं एवढंच आपल्याला नदीने शिकवलेलं. मागे जाणारं पाणी ओढून नेतं, हे आपल्याला सांगणारं कोण होतं?

आता मी ते शिकून घेतलंय. गेल्या दोन रात्री हेच वाचत बसलो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास जोर सर्वांत कमी. म्हणून मी मार्गशीर्ष वद्य अष्टमी धरली आहे. त्याआधी दत्तजयंतीला मायला सारंगखेड्याच्या यात्रेला न्यायचंच आहे, ते तिचं माहेर, ते टाळता येत नाही. तिथून परत आलो की चार दिवसांनी सुरतची गाडी. अमळनेरला बसलो की नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली करत उधना. धाकट्याला नवापूरचं स्टेशन बघायचंय, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये, एकाच बाकावर दोन राज्यं. तारकर्ली नाही म्हटल्यावर तो रुसला होता, या बाकावर त्याची समजूत काढली.

मोठी मात्र अजून नाराज आहे. म्हणते, डुमसची वाळू काळी, पाणी गढूळ, फोटो चांगले येणार नाहीत. तिचं बरोबर आहे आणि मला वाईट वाटतं. तिला आयुष्यातला पहिला समुद्र निळा बघायचा होता. उन्हाळ्यात तारकर्लीला नेईन असा शब्द दिला आहे. दादांसारखं होऊ नये म्हणून पैसे आजच पोस्टात वेगळे टाकले.

सौ.ला अजून काही सांगितलेलं नाही. गाडीत बसण्याआधी सांगणार आहे. तिला छोटूचं नाव एवढंच माहीत आहे, दर दिवाळीला फराळाचा एक डबा त्याच्या आईकडे का जातो हे तिने कधी विचारलं नाही. यंदा डबा घेऊन मीच गेलो होतो. म्हातारीने तुझीही चौकशी केली. "सुरतवाला जाडा झाला का रे?" असं विचारलं. मी म्हणालो, झालाय, लोचो खाऊन खाऊन. खूप हसली.

तुझ्या लूमच्या खात्याचं काय झालं, मालक विकतोय म्हणाला होतास. पोरीचा दहावीचा अभ्यास कसा चाललाय? वहिनी आता जिना चढतात का? मुक्काम तुझ्याकडेच करू, त्यांना त्रास होणार नसेल तर. स्वयंपाक सौ. करेल. भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ आम्ही घेऊन येतो. भरीत ठेचायची बडगी तुझ्याकडे नसणार, तीही आणतो.

मला तुझ्याकडून एवढंच हवंय. मायला वाळूतून पाण्यापर्यंत मी नेणार, तिचा एक हात माझ्या हातात असेल. ती घोटाभर पाण्यात उभी राहणारच, ऐकणार नाही. तेव्हा धाकट्याचा हात तू धरायचास. मनगट धरायचं, बोटं नाही. आणि मी पाण्यात गेल्यावर मला काही झालं, पाय हलेना झाला, तर तू मागे उभा असायला हवास. दुसऱ्या कोणाला मी हे सांगू शकत नाही.

तुझ्या ओळखीच्या कुणा कोळ्याकडून त्या दिवसाची भरतीची वेळ विचारून कळव. पाणी वर चढत असताना ओटी सोडायची की भरती पूर्ण झाल्यावर, तेही विचार, उतरत्या पाण्यात मला कोणालाच उतरवायचं नाही. आणि नारळ तिथे किनाऱ्यावर मिळतो का? माय म्हणते, नारळ इथूनच न्यायचा, तापीत एकदा बुडवून. मी पिशवीत काढून ठेवला आहे.

तुझा,
नाना