मोरीवरून पाणी जात असेल तर

चि. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते अजून कळलेलं नाही. आई म्हणते रेंज गेली. मी ओरडायला आणि रेंज जायला बरी एकच गाठ पडली! म्हणून लिहितोय. कागदावर निदान शेवटपर्यंत बोलता येतं.

रात्री अकरा वाजता, भर पावसात, आशाताईंच्या पुतण्याच्या गाडीवर मागं बसून तू ओढा पार केलास. बाई सुटली, बाळ रडलं, फार चांगलं झालं. मी फक्त एवढंच विचारलं, मोरीवरून पाणी जात होतं का? तू म्हणालीस, थोडं होतं. थोडं म्हणजे किती गं? सायलेन्सर बुडत होता का? जाऊ दे. यावर लिहायचं नाही असं आईला कबूल करून बसलोय.

तुझा तिथला हा पहिला पावसाळा. माझे तिकडचे बरेच झाले. घाटघरची मुक्कामी एस.टी. मारायचो तेव्हा अकोल्यातून निघताना काचेवर धूळ असायची, विठ्याचा घाट चढून राजूर आलं की भुरभुर, आणि शेंडी सोडलं की वायपरला उसंत नाही. तालुका एकच, पण खाली अकोल्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि घाटघरला त्याच्या आठ-दहा पट. कोकणातून आलेले ढग कड्यावर आपटतात, तिथंच रिकामे होतात. खाली सगळा काळा पाषाण, वर वीतभर माती. पाणी मुरणार कुठं? तासाभरात ओढ्याला येतं. तुझ्याकडे उघडीप असते, चांदणंसुद्धा दिसतं, आणि वर डोंगरात पडून गेलेला पाऊस मोरीवर येऊन उभा असतो. हे तुला आरोग्य उपकेंद्राच्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नसणार, म्हणून सांगतोय.

मे महिन्यात याच्या उलट बघशील. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली उसाला जातं, आणि धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या बाया हंडे घेऊन झऱ्याला नंबर लावतात. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ते हेच. घाटघरला तर २५० मेगावॉटची वीज होते, आणि तू सांगतेस की बाळंतपण टॉर्चवर केलं.

आणि एक. भाताची आवणी चालू आहे तोवर उपकेंद्रात कुणी फिरकलं नाही तर मनाला लावून घेऊ नको. ताप अंगावर काढतील पण चिखलातून बाहेर येणार नाहीत. तूच बांधावर जा. दिवाळीनंतर भात निघालं की गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. बोचकी, तवे, कोंबड्या, लहान पोरं, सगळे नारायणगावकडे मजुरीला निघालेले. तेव्हा तुझ्या रजिस्टरातल्या गरोदर बाया गायब होतील. आत्ताच त्यांच्याकडून मुकादमाचा फोन नंबर लिहून घे, नवऱ्याचा बंद लागतो.

नाव लिहून घेताना मात्र आधी चहा पी, वही मग काढ. तिकडची माणसं वहीला बिचकतात, आणि त्यांना तसं कारण आहे. देवगावचे राघोजी भांगरे सावकारांच्या वह्यांवरूनच उठले होते, १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. माझ्या गाडीतले म्हातारे त्यांच्याबद्दल असं बोलायचे, जसं काही कालच्याच गाडीनं ते उतरून गेले. आहारावर भाषणही जरा बेतानं दे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, आणि गावठी बियाणं जपलं म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आषाढात कुठल्या घरी कुर्डूची नाहीतर चाईची भाजी आणि नागलीची भाकरी वाढली तर खाऊन बघ, मग बोल.

बघ, भाषण नको म्हणता म्हणता मीच सुरू झालो. तुला ही माणसं माझ्यापेक्षा जास्त कळत असतील. मी त्यांना आरशातून बघत आलो, तू हात लावून बघतेस. कळसूबाईला नेलं होतं ते आठवतं का? नंदू खारीसारखा वर गेला आणि तू पहिल्याच लोखंडी शिडीवर बसून राहिलीस. खाली बघायचं नाही म्हणून डोळे मिटून रडत होतीस. वर नेऊन देवीच्या पाया पडायला लावलं तेव्हा म्हणालीस, आता इथंच राहू, उतरायचं नाही. १६४६ मीटरवर बिऱ्हाड! आक्का अजून हसते त्यावर. तीच पोरगी रात्री ओढा ओलांडते, हे मी स्टँडवर सगळ्यांना सांगत सुटलोय. सांगताना छाती फुगते आणि घरी येऊन झोप लागत नाही.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. जुलैच होता. पांजऱ्याच्या पुढं मोरीवर पाणी आलं. वाहक बॅटरी आणि काठी घेऊन पुढं गेला, काठी गुडघ्याच्या वर भिजली, तो परत आला. मी इंजिन बंद केलं. गाडीत दिवस भरलेली बाई होती, माहेरी निघालेली, आणि तिला तिथंच कळा सुरू झाल्या. नवरा केबिनला येऊन पाया पडायला लागला. गाडी मोठी आहे, निघेल, घाला म्हणत होता. मी नाही घातली. पुरुषमाणसांना खाली उतरवलं, सगळे इरली डोक्यावर घेऊन पावसात उभे राहिले. साम्रदची एक म्हातारी सुईण होती गाडीत. तिनं मागच्या लांब सीटवर लुगड्याचा पडदा केला आणि मला म्हणाली, दिवे तेवढे लावून ठेव डायवर. बॅटरी उतरेल म्हणून मी पुन्हा इंजिन सुरू केलं, आणि त्या घरघरीत पोराचा आवाज आला तो मला आधी कळलाच नाही. वाहकानं सांगितलं. पहाटे पाणी उतरलं, तेव्हा गाडीत एक माणूस जास्त होता, त्याचं तिकीट कुणी काढलं नाही.

हे लिहायला घेतलं ते थांबलं तरी चालतं हे तुला पटवायला. पण लिहिताना वाटतंय, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली म्हणून मला आज हे सांगता येतंय. ती सुईण गाडीत नसती तर? मी चाळीस माणसांचा विचार केला हे खरं, पण त्या बाईकडे मान वळवून बघायची हिंमत झाली नव्हती हेही खरं. तुला तिच्याकडेच जायचं असतं. ओढ्यापलीकडे ती असली आणि तू अलीकडे, तर काय करायचं हे मला सांगता येत नाही. तरी पाणी वाहतं असेल तर दोन चाकांवर जाऊ नको. पलीकडून कुणाला तरी दोर घेऊन बोलाव, चालत जा, चार माणसांनी हात धरून. मोटारसायकल पाण्यात हलकी होते, माणूस तिला सोडायला तयार होत नाही, आणि तिथंच घात होतो.

झालं. पुन्हा तेच लिहिलं. आईला हा भाग वाचून दाखवणार नाही.

मुक्कामी गाडीवर सध्या माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा आहे. त्याच्याजवळ पिशवी दिलीय. गमबूट आहेत (सहा नंबर, मोठे झाले तर आत दोन मोजे घाल), हेडटॉर्च, आईचे डिंकाचे लाडू आणि आत्याच्या सुनेसाठी विचारायचं होतं ते तिचे रिपोर्ट. रिपोर्ट नीट बघ, तिला फोनवर काही बोलू नको, आधी मला सांग. लाडूंतले चार आशाताईंना दे, दोन त्या पुतण्याला. त्याला माझा राग सांगू नको.

गाडी तुझ्याकडे रात्री नऊच्या सुमारास येते. मोरीवर पाणी असेल तर तो थांबेल, मीच सांगितलंय त्याला. उशीर झाला म्हणून त्याच्यावर डाफरू नको.

तुझा,
अण्णा