भुईंजचा प्लॉट विकू नका

आई, बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा लगेच "तू काळजी करू नकोस" म्हणतात आणि बोलणं तिथंच संपतं, म्हणून लिहितेय. अमेरिकेची सीट मी काल सोडली, तसा मेलही करून टाकला. इथं पुण्यातच सिंबायोसिसला हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या एमबीएची फी भरलीये. भुईंजच्या प्लॉटचं गिऱ्हाईक आलं तर परत पाठवा.

बाबा, हे तुमच्या स्टेंटमुळे नाही. म्हणजे अजिबातच नाही असं कसं म्हणू, पण मुख्य कारण हिशोब आहे, आणि जमा-नावे मांडायला तुम्हीच तर शिकवलंत. तिकडे या लाइनला लाख डॉलर मिळतात म्हणता ते खोटं नाही. तिथल्या सरकारी आकड्यात 2024 साली हेल्थ मॅनेजरचा मधला पगार वर्षाला 1,17,960 डॉलर होता. पण त्यात वीस-वीस वर्षं काम केलेले, नर्सिंगमधून वर आलेले सगळे धरलेत हो, नुकतं शिकून बाहेर पडलेल्याचा तो पगार नव्हे. तळातल्या 10 टक्क्यांना 70 हजारांच्याही आत मिळत होते. बरेच जण आधी वर्षभर फेलोशिप करतात, तिथं अजून कमी. मला कोर्सनंतर कामाला 12 महिने मिळणार, पुढं एच-वन-बीची, म्हणजे तिकडे नोकरी करायच्या व्हिसाची लॉटरी. नाव नाही लागलं तर 60 लाखांचं कर्ज घेऊन परत यायचं, अकरा टक्क्यांनी नुसतं व्याजच महिन्याला 55 हजार! इथं सुरुवातीला 40-50 हजार हातात येतात, दोन सीनियरना मी स्पष्ट विचारलंय.

आणि आई, तुझ्या डोळ्यासमोर तो डिस्चार्जचा दिवस येत असेल ना. डॉक्टर सकाळी नऊलाच घरी जा म्हणाले आणि इन्शुरन्सचं अप्रूव्हल यायला संध्याकाळचे साडेसहा वाजले, तू पिशवी मांडीवर घेऊन त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेलीस, मध्येच नाव पुकारतील म्हणून चहालासुद्धा उठली नाहीस. फाइल कुठल्या टेबलावर पडून राहते ते मला आता रोज बिलिंगला बसून दिसतं. ते सुधारायला मला शिकायचंय, आणि मला ते इथं करायचंय.

माझी आबाळ होत नाहीये. कोथरूडची रूम तीच ठेवलीये, डब्याच्या काकू दुपारच्याही पोळ्या देणारेत, गीझर दुरुस्त झाला. कर्ज मी माझ्या नावावर काढलंय, झेपेल एवढंच. बाबा, तुम्ही चार लोकांना सांगितलं असेल, त्यांना काय वाटेल म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मला सायकलच्या दांडीवर बसवून घाटावर न्यायचात तेव्हा उतार आला की एक हात माझ्या पोटाशी धरायचात, तो हात मला अजून जाणवतो.

आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही, बरं वाटतंय म्हणून तर नाहीच. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. आई, तुझी शुगर मी आले की करू, तोवर उपास बंद.

शनिवारी स्वारगेटहून सकाळच्या एसटीनं येतेय. बाबा, स्टँडवर घ्यायला येऊ नका, मी रिक्षानं येईन. आलातच तर टोपी घालून या.

तुमची,
छकुली