इंजिन कुणाचं?

प्रिय सोन्या,

तुला अजून जोडाक्षरं अडतात, तेव्हा हे पत्र तू निदान दोन वर्षांनी वाचशील. तोवर या सुट्टीतला तो सोमवार तू विसरलेला असशील. मी नाही विसरणार, कारण चूक माझी होती.

तुझा मित्र त्याच्या आईबरोबर खेळायला आला. तू त्याला आगगाडीचे सगळे डबे दिलेस, रूळ दिलेस. इंजिन तेवढं पोटाशी धरून बसलास. "दे रे, शहाणा ना तू!" मी म्हटलं. तू मान हलवलीस. मग मी ते तुझ्या हातातून काढून घेतलं आणि त्याला दिलं. तू कोपऱ्यात तोंड करून, आवाज न करता रडलास. खरं सांगू? मला तुझ्या मित्राची पडलेली नव्हती. त्याच्या आईला माझा मुलगा हावरट वाटू नये, एवढीच धडपड. माझी कात्री कुणी न विचारता उचलली तर मी घर डोक्यावर घेते. विचार बाबांना.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. स्वित्झर्लंडमधल्या मुलांवरचा २००८ सालचा एक अभ्यास सापडला: तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं खाऊ स्वतःकडेच ठेवतात, सात-आठ वर्षांची बरीचशी समान वाटणी पसंत करतात. तू पाच वर्षांचा, मधेच कुठेतरी. २०१३ सालचा दुसरा अभ्यास मात्र मला चांगलाच लागला. काही लहान मुलांना सांगितलं, स्टिकर तुझ्याकडे ठेव नाहीतर या दुःखी बाहुल्याला दे, तुझं तू ठरव. काहींना द्यायलाच लावलं. पुढच्या खेपेला ज्यांनी स्वतः ठरवून दिलं होतं, त्यांनीच जास्त वाटलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मित्र यायच्या आधी आपण ठरवलं, जे द्यायचं नाही ते आधीच आत ठेवायचं. तू इंजिन उशीच्या खोळीत कोंबलंस आणि "बाकी सगळं सगळ्यांचं" असं जाहीर केलंस.

तिघं आले. इंजिन नाही म्हटल्यावर त्यांनी तुझाच बूट डब्यांच्या पुढे लावला आणि गाडी सोडली. तू दारात उभा. "बुटाला चाकं नसतात," तू म्हणालास. कुणी लक्ष दिलं नाही. गाडी पलंगाखालून एक फेरी मारून आली, दुसरी मारून आली. मग तू आत गेलास, बराच वेळ आतच होतास, आणि इंजिन घेऊन बाहेर आलास. "पण शिट्टी मी वाजवणार."

सौदा पटला. पुढे शिट्टीवरून भांडण झालंच, चांगलं कडाक्याचं. मी जीभ चावून स्वयंपाकघरातच थांबले. (हे मला तुझ्यापेक्षा जड गेलं.) थोड्या वेळाने तिकडून एकदम तीन-चार शिट्ट्या ऐकू आल्या.

निघताना मित्राने इंजिन एका रात्रीसाठी घरी मागितलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. "उद्या आण हां," एवढंच तू म्हणालास.

रात्री दिवा घालवल्यावर तू विचारलंस, "आई, त्याला तिकडे झोप लागली असेल का?"

मला वाटलं, मित्राबद्दल विचारतोयस. तू इंजिनाबद्दल विचारत होतास.

तुझी,
आई