ब्रुक्सने टायटल ‘घालवलं’ नाही

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या कार रेसिंगवरचा लेख वाचला, आवडला, पण त्यात टोनी ब्रुक्स या इंग्रज ड्रायव्हरला एका ओळीत उरकलंय आणि वर म्हटलंय की १९५९ साली अमेरिकेतल्या सेब्रिंगला, वर्षातल्या शेवटच्या रेसमध्ये, उगाच पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाडी तपासायच्या जागी) थांबून त्याने हातातलं वर्ल्ड टायटल घालवलं. हे काही पटलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी हा माणूस कोण होता ते बघा ना. वडील दातांचे डॉक्टर, पोरगाही मँचेस्टरला तेच शिकत होता आणि १९५२ पासून हौस म्हणून रेसिंग करायचा. युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये अशी हौशी मंडळी पुष्कळ होती, लष्करी विमानांसाठी बांधलेल्या तळांवर रेस लागायच्या, पोट मात्र दुसऱ्याच धंद्यावर. ऑक्टोबर १९५५ मध्ये कॉनॉट नावाच्या, पैशाची कायम चणचण असलेल्या, रेसिंग गाड्या बनवणाऱ्या छोट्या ब्रिटिश कंपनीने ब्रुक्सला सिसिलीत सिराक्यूजच्या रेसला बोलावलं. फायनलची परीक्षा तोंडावर, त्यामुळे गडी विमानातही अभ्यास करत बसला. फॉर्म्युला वनची गाडी त्याने तोवर कधी चालवलीच नव्हती, आणि टीमच्या गाड्या यायला उशीर झाला तर याने स्कूटरवर फिरून ट्रॅक बघून घेतला, आणि मग ७० लॅप्सची रेस इटलीच्या मासेराटी कंपनीच्या स्वतःच्या टीमला मागे टाकून चक्क जिंकला! दुसरा आलेला लुइजी मुसो पाऊण मिनिटाहून जास्त मागे. ब्रिटिश ड्रायव्हरने ब्रिटिश गाडीत ग्रां प्री, म्हणजे मोठी आंतरराष्ट्रीय रेस, जिंकणं हे १९२४ च्या हेन्री सीग्रेव्हच्या विजयानंतर थेट तेव्हाच झालं. (आणि हे ज्याने केलं तो तेव्हा अजून डॉक्टरसुद्धा झाला नव्हता.)

आता सेब्रिंगकडे येतो, पण त्याआधीचे दोन अपघात सांगितल्याशिवाय सेब्रिंग कळणारच नाही. १९५६ ला इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर त्याच्या बीआरएम गाडीचा थ्रॉटल (वेग कमीजास्त करणारा भाग) अडकला, गाडी उलटली, ब्रुक्स बाहेर फेकला गेला आणि गाडी जळून गेली. तेव्हा सीट बेल्ट वगैरे भानगडच नव्हती. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या रेसला ॲस्टन मार्टिनचा गिअर अडकला, चालवता चालवता तो सोडवायच्या नादात लक्ष उडालं आणि गाडी उलटून अंगावर पडली. त्यानंतर महिनाभरात त्याच दुखऱ्या अंगाने ब्रिटिश ग्रां प्रीला उतरला, दम टिकेना म्हणून आपली व्हॅनवॉल गाडी टीममधल्याच स्टर्लिंग मॉसच्या हातात दिली आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रेसमधला ब्रिटिश गाडीचा पहिला विजय दोघांच्या नावावर लागला. पण मनाशी एक ठरवून टाकलं होतं, गाडीत बिघाड असल्याचा संशय आला तर पुढे रेटायचं नाही. धार्मिक माणूस होता, देवाने दिलेला जीव असा उधळणं त्याला पाप वाटायचं.

सेब्रिंगला पहिल्याच लॅपला त्याच्याच फेरारी टीममधल्या फॉन ट्रिप्सने मागून धडक दिली. ब्रुक्स थांबला, गाडी तपासून घेतली, दोनेक मिनिटं गेली, गाडीत काही विशेष निघालं नाही. तरी तिसरा आला, आणि टायटलसाठी गुणांत पुढे असलेला जॅक ब्रॅबहॅम पेट्रोल संपलेली गाडी ढकलत चौथा येऊन चॅम्पियन झाला. “काही निघालं नाही” हे तपासल्यावर कळतं हो! मागचं चाक कितपत धड आहे हे सीटवर बसून कसं दिसणार, आणि नसतं धड तर आज आपण त्यालाच बेपर्वा म्हणालो असतो.

फेरारीकडून पैसे घेत असला तरी हा स्वभाव हौशी माणसाचाच होता असं मला वाटतं. १९६१ च्या शेवटी २९ व्या वर्षी थांबला, वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या सहा ग्रां प्री नावावर, मग इंग्लंडमध्येच वेब्रिजला गॅरेज चालवलं आणि २०२२ मध्ये नव्वदीत गेला. त्याच्या बरोबरीचे किती जण ट्रॅकवरच जिवाला मुकले ते बघा, मुसो १९५८ ला, फॉन ट्रिप्स १९६१ ला.

तेव्हा पुन्हा कधी त्याच्यावर छापलंत तर ‘घालवलं’च्या जागी ‘सोडलं’ लिहा, एवढीच विनंती.

आपला,
एक जुना वाचक