डागा लेआउटमधलं घर घेण्याआधी

नागपूर
जूनचा पहिला आठवडा

प्रिय सुहास,

बदली नागपूरला झाली हे वाचून फार बरं वाटलं. डागा लेआउटमधला तळमजला मात्र खटकला. 'मागे नदी आहे म्हणतात, पण दिसायला नालाच' असं तू लिहिलंस. बाप्पा, तीच आमची नाग नदी!

तू कोल्हापूरचा, तुला पूर काय शिकवायचा. पण तुमची पंचगंगा सांगूनसवरून येते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. तेवढ्यात माणसं सामान माळ्यावर चढवून पाहुण्यांकडे पोचतात. इथे तशी सवड मिळत नाही. नाग नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघून अंबाझरी तलावात येते, आणि तलाव भरला की सांडव्यावरून सरळ वस्तीत उतरते.

२३ सप्टेंबर २०२३ ला हेच झालं. मध्यरात्रीनंतर विजा कडाडत पाऊस सुरू झाला, उजाडेपर्यंत शंभर मिलिमीटरच्या वर पडला. हवामान खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे नुसता 'जोरदार', 'अतिजोरदार'सुद्धा नाही. पण सगळा काही तासांत पडला, आणि लोक झोपेत. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात, बर्डीवरचं मोरभवन बसस्थानकही. माणसं बोटींनी काढावी लागली. गंमत बघ, अंबाझरीचा ओव्हरफ्लो म्हणजे आमचं भजे खात बघायला जायचं ठिकाण!

म्हणून नुसत्या अलर्टच्या रंगावर जाऊ नकोस. तलाव भरलेला आणि रात्री जोराचा पाऊस सांगितलेला, एवढं जुळलं की झोपण्याआधी आवराआवर कर. गाडी चढावरच्या रस्त्याला लाव. बुडालीच तर सकाळी चालू करून बघू नकोस. इंजिनात पाणी असेल तर ते बसतं, आणि विमेवाले हात वर करतात. इन्व्हर्टर जमिनीवर ठेवायचाच नाही. कागदपत्रं, काकूंची औषधं, टॉर्च एका पिशवीत. न्हाणीच्या जाळीवर रेतीचं पोतं ठेव, कारण अशा घरांत पाणी पुष्कळदा दाराआधी तिथूनच वर येतं, गटाराचं, उलटं. ते दिसलं की मेन स्विच आणि गॅस बंद करून वर. मीटरपाशी पाणी साचलं असेल तर स्विचच्या नादी लागू नकोस. पूर ओसरल्यावर जमिनीतली टाकी उपसून, धुऊन घेतल्याशिवाय तिचं पाणी तोंडात घालायचं नाही.

हे सगळं तू करशील रे. पण काकूंच्या गुडघ्यांचं काय? रात्री दोनला, अंधारात, घोट्याएवढ्या पाण्यातून त्यांना जिना कसा चढवणार? माझं ऐकशील तर भाडं थोडं जास्त पडलं तरी पहिला मजला बघ. तळमजल्यावरच अडून बसलास तर वरच्या बिऱ्हाडाशी आधीच बोलून ठेव, आणि गच्चीची किल्ली मागून घे.

पाणी कुठवर आलं होतं, ते घरमालकाला विचार. 'आपल्याकडे आलंच नाही' म्हणाला तर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचार. आगाऊ रक्कम देण्याआधी मला कळव, मीच जाऊन येतो. नवा रंग नुसता कमरेपर्यंत दिलेला दिसला, तर घरमालकाला भेटायचीही गरज नाही.

काकूंना नमस्कार.

तुझा,
प्रमोद